घराचा चार्ज

आवडलेले घर आवडले नाही असे दाखवता आले पाहिजे, हा घरखरेदीतला पहिला नियम आहे, असे मला ज्याने त्याने सांगितले. त्यांनी ते सांगायला नको होते. मी नियम पाळणारा माणूस आहे, आणि मला न पाळता येणारा नियम कोणी हाती दिला की माझी अन्नावरची वासना उडते. ते घर मला आवडले होते. कार्यालयात दुपारी पुढ्यात फाइल उघडी असताना मी मनाने त्याच्या जिन्याच्या पायऱ्या चढत असे, वळणावरच्या खिडकीशी थांबत असे आणि शिपायाने दोनदा हाक मारली की मोठ्या नाइलाजाने खाली उतरत असे.

याचे मूळ एका टेबलात आहे. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत टेबल एकच. त्यावर आम्ही जेवतो, त्यावरच इस्त्री होते आणि त्यावरच माझी पत्नी उत्तरपत्रिका तपासते. ती शाळेत गणित शिकवते. जेवणाची वेळ झाली की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे खाटेवर जातात, झोपायची वेळ झाली की ते परत टेबलावर येतात. या स्थलांतरात एखादा मुलगा विनाकारण नापास होत असेल, असे ती गमतीने म्हणते. गमतीने म्हणते म्हणून बरीच वर्षे मीही ते गमतीचेच समजत होतो. त्या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेला खिडकी असलेली एक लांबट खोली आहे. पहिल्यांदा घर पाहायला गेलो तेव्हा पत्नी त्या खोलीच्या मधोमध बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “इथे मांडलेलं टेबल आवरा असं कोणी म्हणणार नाही.”

एवढेच. घराविषयी तिने दुसरे एकही वाक्य उच्चारले नाही. त्या क्षणी मला कळले, की हे घर आपल्याला घ्यावेच लागणार.

घराच्या मालकीणबाई एका मोठ्या रुग्णालयाच्या मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना मेट्रनबाईच म्हणते. गुडघ्यांना जिना झेपेना म्हणून त्या धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. त्यांनी सांगितलेली किंमत रास्त होती, पण आमच्या ऐपतीच्या थोडी पलीकडची होती. शिवाय एक इमारत बांधणारा कंत्राटदार ती किंमत घासाघीस न करता द्यायला तयार होता. त्याला घरात रस नव्हता. घर पाडल्यावर जी जागा उरते तिच्यात होता. मेट्रनबाई त्याला सोमवारी उत्तर देणार होत्या. तोवर आम्ही घराची तपासणी करून घ्यावी, दोष काढावेत आणि त्यांच्या बळावर किंमत खाली आणावी, अशी या व्यवहाराची सर्वमान्य रीत आहे. पसंत पडलेल्या माणसाला नावे ठेवून त्याच्याशीच नाते जोडण्याचा हा प्रकार मला मनापासून रुचला नाही. पण रीत ती रीत.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिले आहेत. त्यामुळे घरखरेदीविषयीचे त्यांचे ज्ञान अनुभवाने कुठेही डागाळलेले नाही. त्यांनी मला जिन्यात गाठले आणि सांगितले, की घर पाहायला जाताना झिजलेल्या चपला घालाव्यात, दिलेला चहा अर्धा ठेवावा आणि काही झाले तरी हसू नये. मी पहिल्याच भेटीत हसलो होतो, हे मी त्यांना सांगितले. काकांनी माझ्याकडे असे पाहिले, की मला झिजलेल्या चपलांची गरज उरली नाही.

दुसरा सल्लागार माझा मेहुणा. तो वापरलेल्या मोटारी विकतो, आणि जगातली प्रत्येक वस्तू ही त्याच्या दृष्टीने एक वापरलेली मोटार असते. तो म्हणाला, “भाऊजी, आपला आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. मग जो आधी तोंड उघडेल तो गेला. मी एकदा समोरचा चहा पार थंड होऊन त्यावर साय धरेपर्यंत गप्प बसलो होतो.” मग ती मोटार गेली का, असे मी विचारले. त्यावर तो गप्प बसला.

तपासणीला बँकेच्या यादीवरचा एक अभियंता आला. त्याच्या पिशवीत हातोडी होती, ओळंबा होता आणि भिंतीतली ओल मोजणारे दोन सुयांचे एक यंत्र होते. दोष सापडला की त्याची चर्या उजळत असे. दुर्मिळ पक्षी दिसला की पक्षिनिरीक्षकाची उजळते तशी. मेट्रनबाई त्याच्या मागोमाग फिरत होत्या. त्यांनी एकदाही हरकत घेतली नाही; उलट छत पाहण्यासाठी स्वतः स्टूल आणून दिले.

दिवाणखान्यात अभियंत्याने खिशातून एक काचेची गोटी काढली आणि फरशीवर ठेवली. गोटी क्षणभर विचारात पडली. मग सावकाश निघाली. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा ओलांडताना ती आतून पेटल्यासारखी झाली, पलीकडच्या सावलीत शिरली आणि कोपऱ्यातल्या कपाटाखाली जाऊन विसावली. “फरशी कललेली आहे,” अभियंता म्हणाला आणि त्याने टिपण केले. माझ्या मनात आले, की आपल्या चाळीतल्या खोल्यांत वस्तू ठेवावी तिथेच पडून राहते, आणि इथे सोडून दिलेल्या गोटीलासुद्धा आपण कुठे जायचे ते ठाऊक आहे. हा विचार मी बोलून दाखवला नाही. तेवढा संयम माझ्यात उरला होता.

वरच्या मजल्यावर एक आरामखुर्ची होती. मी तीत केवळ तिची अवस्था पाहण्यासाठी बसलो. पलीकडे हातोडीची टकटक मंद लयीत चालली होती, पडदा आत येत होता आणि बाहेर जात होता, आणि घर श्वास घेते आहे अशी माझी खात्री होत चालली असतानाच मला डोळा लागला.

येथे माझ्या नोकरीविषयी सांगणे भाग आहे. मी एका विमा कंपनीच्या नुकसानभरपाई विभागात आहे. लोक आपले जळालेले, बुडालेले, कोसळलेले घेऊन आमच्याकडे येतात, आणि ते वाटते तितके जळालेले, बुडालेले किंवा कोसळलेले नाही, हे त्यांना सौम्य भाषेत पटवून देणे हे माझे काम. ‘नैसर्गिक झीज’ हे दोन शब्द मी इतक्या वेळा लिहिले आहेत, की माझी लेखणी ते माझ्याविनाही लिहू शकेल. तर स्वप्नात ते घर माझ्या खिडकीशी आले. रांगेत नीट उभे राहून आले होते, छप्पर काढून हातात धरले होते. मी त्याला बसायला सांगितले. ते म्हणाले, “मला भेगा पडल्या आहेत.” मी म्हणालो, “त्या आम्हा सगळ्यांनाच पडतात.” त्याला ते पटल्यासारखे दिसले. ते छप्पर डोक्यावर चढवून निघाले, आणि मला इतके वाईट वाटले की मी खुर्चीतून उठून त्याच्या मागे धावलो.

जाग आली ती अभियंत्याच्या शिट्टीने. तो उत्तरेच्या लांबट खोलीत उभा होता. त्याने यंत्राच्या सुया भिंतीला लावल्या होत्या आणि काटा शेवटच्या टोकाला जाऊन थरथरत होता. छपराच्या पन्हळीचे पाणी वर्षानुवर्षे याच भिंतीत मुरले आहे, असे त्याने सांगितले. पन्हळ बदलली तरी भिंत सुकायला पुरते वर्ष जाईल. तोवर इथे कागद ठेवाल तर त्याचे फडके होईल. “भिंतीला घाई करता येत नाही,” तो समाधानाने म्हणाला.

त्या दिवशी पत्नीला शाळेतून सुटता आले नव्हते. घरी आल्यावर तिने उत्तरपत्रिकेतून मान वर न करता विचारले, “वरच्या खोलीचं काय म्हणाला?”

“किंचित ओल आहे,” मी म्हणालो. “नैसर्गिक झीज.”

तिने लाल पेनाने कोणाचे तरी गुण कापले आणि पुढचे पान उलटले. अहवाल आला तेव्हा, तो फार तांत्रिक आहे असे सांगून मी तो कपाटावर ठेवून दिला.

आता या अहवालाला दोन दारी जायचे होते, आणि खरी गुंतागुंत इथे सुरू होते. मेट्रनबाईंच्या दारी घर जितके वाईट ठरेल तितके आमच्या फायद्याचे, कारण किंमत उतरेल. बँकेच्या दारी ते जितके चांगले ठरेल तितके फायद्याचे, कारण कर्ज घराच्या मोलावर मिळते. एकच घर, एकच अहवाल, आणि एकाच माणसाने दोन ठिकाणी दोन तोंडांनी बोलायचे. मी कपाटाच्या आरशापुढे उभा राहून दोन भाषणे बसवली. पत्नीने त्यांना रडगाणे आणि गुणगान अशी नावे दिली. शनिवारी दुपारी मेट्रनबाईंकडे रडगाणे, आणि सोमवारी सकाळी बँकेत गुणगान, असे ठरले. रडगाणे आधी म्हणून शुक्रवारी मी त्याचीच उजळणी केली. इतकी, की दाराआडून काकांनी कोण गेले म्हणून चौकशी केली.

शनिवारी सकाळी बँकेतून निरोप आला. सोमवारी वरिष्ठांची तपासणी आहे, तरी आपण आजच अकरापर्यंत यावे.

कर्ज विभागातला अधिकारी मोठा अगत्यशील होता. कागद त्याने आधीच पाहून ठेवले होते, पेनाचे टोपण काढलेले होते. सही करायची तर काही बोलावे, एवढ्याच भावनेने त्याने विचारले, “घर कसं आहे? चांगलं आहे ना?”

“साहेब, त्याला घर म्हणणं हे धाडसाचं आहे,” मी म्हणालो.

माझे शब्द माझ्या कानांवर पडत होते, पण शुक्रवारभर घोटलेले भाषण हे उतारावरून सुटलेल्या हातगाडीसारखे असते. मालक मागून धावतो एवढेच. फरशी कललेली, ओळंबा शरमेने भिंतीपासून दूर उभा राहिलेला, छपराच्या तुळया परस्परांच्या भरवशावर, आणि अशा वास्तूची जो किंमत मोजेल त्याने आपल्या मुलाबाळांचा विचार केलेला नाही, इथपर्यंत मी गेलो. मुलेबाळे आम्हाला नाहीत. ती भाषणाच्या ओघात झाली. आयुष्यात इतक्या परिणामकारकपणे मी पूर्वी कधी बोललो नव्हतो. अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावले. तो उठून उभा राहिला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. “तुम्ही वेळेवर सावध केलंत. असे प्रामाणिक कर्जदार आता राहिले नाहीत,” तो म्हणाला, आणि माझ्या प्रामाणिकपणाच्या प्रमाणात त्याने कर्जाची रक्कम कमी केली.

दुपारी पत्नी शाळेतून परस्पर आली. मेट्रनबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी मी तिला सगळे सांगितले. उत्तरपत्रिकांची जड पिशवी तिने एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि चालता चालता, ओठांतल्या ओठांत, आमचा नवा आकडा काढला. तो पहिल्या आकड्याहून बराच खाली होता. इतका, की तो उच्चारायला मला मेहुण्याच्या पद्धतीवाचून गत्यंतर राहिले नाही.

मेट्रनबाईंनी आम्हाला दिवाणखान्यात बसवले. मी आकडा सांगितला आणि गप्प बसलो.

मेट्रनबाईही गप्प बसल्या.

ज्या बाईने उभे आयुष्य निजलेल्या माणसांच्या उशाशी काढले, तिला मौनाने जिंकू पाहणे हा केवढा अविचार आहे, हे माझ्या मेहुण्याला कोणी तरी समजावून सांगायला हवे. त्या अगदी आरामात बसल्या होत्या. ऊन खुर्चीच्या हातावरून घरंगळत फरशीवर आले. जिन्याच्या लाकडात काही तरी हलकेच कुरकुरले आणि शांत झाले. कुठे तरी नळाचा एक थेंब पडे, आणि पुढचा पडेपर्यंत त्या दोन थेंबांच्या मधली सगळी दुपार आपलीच आहे असे वाटे. मी समोरच्या भिंतीवरची भेग पाहू लागलो. ती वर जाऊन दोन ठिकाणी फुटली होती, एखाद्या नदीच्या नकाशासारखी. तिच्या काठाने मी बराच वर गेलो. वाटेत आपण सौदा करायला आलो आहोत हे मागे पडले, मग बँक पडली, मग कर्ज. माझ्या तोंडून अगदी आतून शब्द निघाले, “किती शांत आहे हो हे घर.”

पत्नीने डोळे मिटून घेतले.

“आहेच शांत,” मेट्रनबाई म्हणाल्या. “मग आकडा एवढा खाली कशापायी?”

प्रश्न सरळ होता, आणि त्याचे उत्तर माझ्या हातातल्या अहवालात पानोपानी छापलेले होते. पण माझ्याजवळ दोनच भाषणे होती. त्यांतले एक सकाळी खर्ची पडले होते. उरलेले तेवढे बाहेर आले. आणि त्याला नोकरीतल्या जुन्या सवयीची जोड मिळाली. मी अहवाल उघडून एकेक बाब घेऊ लागलो. ही भेग घर बसताना पडलेली, तिचे वय पाहता ती आता स्थिरावली असणार. फरशीचा कल हा दोष नव्हे, तो स्वभाव आहे. छपराच्या तुळया वाकल्या आहेत खऱ्या, पण ती नैसर्गिक झीज झाली. पत्नीने माझ्या पायावर पाय दिला. ती मला उत्तेजन देते आहे असे वाटून मी मोरीच्या गळतीविषयीही दोन दिलाशाचे शब्द बोललो.

मेट्रनबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “एवढं सगळं ठीक आहे तर मी पैसे कशाचे कमी करू?”

मी अहवालाचे एक पान उगाच मागे उलटले.

“तुम्हाला एक सांगते, रागावू नका,” त्या म्हणाल्या. “पेशंटचे नातेवाईक मी खूप पाहिलेत. काही डॉक्टरांशी भांडतात, रडतात, चारचारदा तेच विचारतात. ती माणसं टिकतात. आणि काही असतात गोड बोलणारी. काही नाही झालेलं, होईल बरं, चेहरा बघा किती छान दिसतोय. ती माणसं पुढच्या आठवड्यात फिरकत नाहीत. तुम्ही त्यातले. छप्पर गळायला लागलं की तुम्ही दुसरीकडे बघाल आणि म्हणाल, किती छान आवाज येतोय.”

तो आवाज मी मनातल्या मनात ऐकून झाला होता.

“कंत्राटदार घर पाडणार आहे,” त्या म्हणाल्या. “पण निदान तो ते माझ्या तोंडावर सांगतो. तुमच्यासारख्या माणसाकडे मी चार्ज नाही देणार.”

माझ्या प्रतिष्ठेला त्या वाक्याने जे झाले त्याला नैसर्गिक झीज म्हणता येणार नाही. मी अहवालाची घडी करून उठण्याच्या बेतात होतो. पत्नी मात्र उठली नाही. तिने पिशवी पायाशी ठेवली आणि वर्गात एखाद्या पायरीवर अडलेल्या मुलाला विचारावे तशा सुरात विचारले, “चार्ज द्यायची तुमची पद्धत काय असते?”

मेट्रनबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. वॉर्डात ड्यूटी बदलते तेव्हा, त्यांनी सांगितले, खुर्चीत बसून चार्ज देत नाहीत. जाणारी सिस्टर आणि येणारी सिस्टर खाटेखाटेपाशी जातात. जाणारीने पेशंटसमोर उभे राहून त्याला काय झाले आहे ते सांगायचे, येणारीने ते आपल्या तोंडाने परत म्हणायचे, आणि पुढे काय करणार तेही. ते झाले की मगच जाणारीने एप्रन काढायचा.

“मग तसं करू,” पत्नी म्हणाली. “हे वाचतील, मी परत म्हणेन.”

मेट्रनबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. त्यांनी एकच नियम घातला. जे काम त्यांनी वेळेवर करायला हवे होते आणि केले नाही, ते त्यांच्या अंगावर. तेवढे किमतीतून गेले. जे केले आहे त्याचा एक पैसाही त्या सोडणार नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तुम्ही विशेषणं लावायची नाहीत.”

अशा रीतीने आम्ही त्या घरातून खोलीखोलीने फिरलो. दारे उघडत गेली तसा प्रत्येक खोलीतून वेगळा उजेड आला. स्वयंपाकघरातला पिवळसर, बोळातला राखाडी, जिन्यावरचा पाण्यातून आल्यासारखा. मी भेगेपुढे उभा राहून भेग वाचत होतो. “किरकोळ—” असे एकदा तोंडून गेले, तर मेट्रनबाईंनी नुसते बोट वर केले. विशेषणांवाचून मला स्वतःचा आवाज ओळखू येईना. पत्नी प्रत्येक बाब परत म्हणत होती, आणि पुढे काय करणार ते सांगत होती. तुळई आधी, मोरी नंतर, फरशी राहू दे, फरशीने कोणी मरत नाही. तिला हे सगळे केव्हा सुचले ते मला कळेना. अभियंत्याच्या नजरेतून सुटलेल्या दोन गोष्टी मेट्रनबाईंनी स्वतः दाखवल्या, आणि त्यांतली एक आपल्या अंगावर घेतली. बेरीज त्या तोंडीच ठेवत होत्या. जिना चढताना त्या मध्ये थांबल्या तेव्हा पत्नीने त्यांना हात दिला. तो त्यांनी वर पोचल्यावरही सोडला नाही.

उत्तरेच्या खोलीच्या दाराशी त्या थांबल्या आणि तोवरचा हिशेब सांगितला. किंमत बरीच उतरली होती. आमच्या आकड्यापर्यंत मात्र ती अजून आली नव्हती. पत्नीचा चेहरा तसाच राहिला, पण तिने पिशवीचा बंद मुठीत आवळला तो मला दिसला.

माझ्या हाती शेवटचे पान होते.

ते वाचले तर किंमत आमच्या आवाक्यात येणार होती, आणि जिच्यासाठी हे घर घ्यायचे ती खोली तिच्यादेखत मोडीत निघणार होती. न वाचले तर खोली शाबूत राहणार होती, पण ती कंत्राटदाराच्या वाट्याला. मी खिडकीकडे पाहिले. उत्तरेचा उजेड, कशाचीच सावली न पाडणारा, सबंध खोलीत भरून राहिला होता. भिंत दिसायला इतकी निर्मळ होती, की तिच्यातली ओल दृष्टीआड करायला मला फारसे काही लागले नसते. बाहेर जाऊन चहा घेऊ या, असे काही तरी मी म्हणणार होतो.

“वाचा की,” पत्नी म्हणाली.

मी वाचले. भिंतीत पन्हळीचे पाणी मुरले आहे. पन्हळ बदलावी. त्यानंतर भिंत सुकण्यास एक वर्ष. तोपर्यंत खोलीत कागद, पुस्तके, कपडे ठेवू नयेत.

मग पत्नीने सगळे शब्दशः परत म्हटले, कुठेही न अडखळता, माझ्या हातातल्या कागदाकडे न पाहता.

“तुला ठाऊक होतं?” मी विचारले.

“मी पेपर तपासणारी बाई आहे,” ती म्हणाली. “शेवटचं पान आधी बघते. कपाटावर ठेवलंत त्याच दिवशी बघितलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला किती दिवस लपवता येतं ते बघत होते. बरं जमलं तुम्हाला.”

मेट्रनबाईंनी भिंतीला तळहात लावला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. ही पन्हळ बदलायचे दरवर्षी मनात येऊन राहून गेले, असे त्या म्हणाल्या; आमच्याकडे नव्हे, भिंतीकडे पाहत. मग त्यांनी नवा आकडा सांगितला. तो आमच्या ऐपतीच्या केसभर आत होता. मला वाटते त्यांनी एका भिंतीच्या मानाने जास्तच कमी केले, आणि कामाच्या सवयीने मी तसे म्हणायला सुरुवातही केली होती, इतक्यात पत्नीने पिशवीतून लाकडी पट्टी काढून माझ्या हातात कोंबली.

“हे धरा,” ती म्हणाली.

“कागद नाही ठेवायचे हं इथे,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“नाही ठेवणार. नुसतं टेबल ठेवीन. मोकळं. वर्षभर त्यावर काही ठेवायचं नाही, आणि त्यावरून काही उचलायचंही नाही.”

मग आपण जेवायचे कशावर, असे मी विचारले. त्या प्रश्नाची नोंद कोणी घेतली नाही. भिंतीपासून किती अंतर सोडायचे यावर दोघींची चर्चा सुरू झाली. मेट्रनबाईंचे म्हणणे, हवा खेळली पाहिजे, हातभर तरी सोडा. पत्नीचे म्हणणे, हातभर सोडले तर खिडकीचा उजेड डाव्या हाताला येत नाही. शेवटी दोघींचे एका जागेवर एकमत झाले. तिथे टेबलाचा पहिला पाय येणार होता. खूण करायला खडू नव्हता.

“अहो, इथे बोट ठेवा,” पत्नी म्हणाली. “हलू नका.”

मी गुडघे टेकून फरशीवर बोट ठेवले. तिने माझ्या हातातली पट्टी घेऊन दुसऱ्या पायाचे अंतर मोजायला घेतले, एवढ्यात मेट्रनबाईंना पन्हळ बाहेरून कुठे गळते ते दाखवण्याची आठवण झाली, आणि दोघी हातात हात घालून खाली गेल्या. परसातून त्यांचे आवाज आले. मग ते स्वयंपाकघरात गेले. भांडे ठेवल्याचा आवाज झाला, कोणी तरी हसले, आणि वरच्या मजल्यावर एक विमा अधिकारी गुडघे टेकून बसला आहे, हे त्या दोघींच्याही ध्यानातून गेले असावे.

गुडघा दुखू लागला. उजेड खिडकीवरून थोडा सरकला. एका पायाची जागा ठरली होती, तीन अजून ठरायच्या होत्या. मी बोट उचलले नाही.